डाव्या हाताची फायनल

मुदतबाईचा आवाज पुण्याचा आहे, असं शशिकांत खेडेकरांचं ठाम मत होतं.

"पेठेतली आहे," ते लेकीच्या, ऋजुताच्या कानाशी पुटपुटले. "ऐक, 'कृपया' कसं म्हणते ती. पाहुण्याला चहा विचारावा, आणि नको म्हणाला तर बरं, असं."

"अण्णा, ऐकू जातं तिला."

"जाऊ दे. माझं काय वाकडं करणार आहे?"

रत्नागिरीतल्या रुग्णालयाच्या त्या छोट्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर ताटलीएवढा दिवा होता. आवाज त्या दिव्यातून यायचा. प्रणालीचं सरकारी नाव चांगलं ओळभर लांब होतं. ते कुणाच्याच तोंडी बसलं नाही. ती रोग्याची मुदत सांगते, म्हणून लोकांनी तिचं नाव मुदतबाई ठेवलं आणि पुढे डॉक्टरही तेच म्हणू लागले.

बाईनं वय विचारलं. दुखणं हातापासून सुरू झालं, पायापासून की जिभेपासून, ते विचारलं. वर्षात वजन किती घटलं, शर्टाची बटणं स्वतः लावता का, अंथरुणात कूस बदलता येते का, पाणी पिताना ठसका लागतो का, सगळं विचारलं. नळीत फुंकर मारून घेतली. रक्ताचा अहवाल तिच्याकडे आधीच होता. शेवटी म्हणाली, "पहिले लक्षण कधी जाणवले, ते कृपया सांगा."

"गेल्या दिवाळीत," अण्णा म्हणाले. "आकाशकंदील टांगताना हात वर राहीना."

दिव्यातला उजेड जरा वेळ गोल फिरत राहिला.

"अनुमानित मुदत, अकरा महिने. शमक उपचारासाठी वर्गवारी, अपात्र. आपल्याला अखेरच्या काळातील सोबत-सेवेकडे पाठवले जात आहे. कृपया—"

"अकरा," अण्णा म्हणाले. "बाईनं घासाघिशीला जागाच ठेवली नाही."

ऋजुता पुण्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. त्यामुळे दिव्याआड काय चाललं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ए.एल.एस.मध्ये मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. हात जातात, पाय जातात, जीभ जाते, शेवटी छातीचे स्नायू जातात आणि श्वास थांबतो. मन बहुतेकदा शाबूत राहतं, आणि तीच त्यातली क्रूर गोष्ट. कुणी वर्षात जातं, कुणी दहा वर्षं काढतं. कोण कुठल्या बाजूला पडणार याचे इशारे मात्र असतात. वय जास्त असेल, सुरुवात जिभेपासून असेल, वजन झपाट्यानं उतरत असेल, फुंकर कमी भरत असेल, तुटणाऱ्या पेशींतून रक्तात सांडणारं प्रथिन चढं असेल, तर आयुष्य थोडं. पण यांतल्या बहुतेकांपेक्षा बोलका इशारा म्हणजे उताराचा वेग. माणसाला काय काय जमतं याचे अठ्ठेचाळीस गुण धरायचे, त्यातले किती गेले ते मोजायचं, आणि दुखणं सुरू होऊन जितके महिने झाले त्यांनी भागायचं.

अण्णांचे बारा गुण गेले होते. दिवाळीपासून आठ महिने. भागाकार दीड येत होता. हा उतार नव्हता, कडा होता.

शमक हे पाठीच्या कण्यात टोचायचं नवं औषध होतं. मेलेल्या पेशी त्यानं परत येत नसत, उरलेल्या टिकत. ते लागू पडायला सहा-आठ महिने जायचे आणि मिळायचं फार थोडं. म्हणून दीड वर्षाहून कमी मुदत असलेल्या माणसावर ते खर्च करायचं नाही, असा नियम होता. नियम नीट विचार करून केलेला होता. एरवी ऋजुतानं त्याची बाजू घेतली असती.

गाडीत बसल्यावर अण्णांनी डाव्या हातानं पट्टा ओढला, अंगावरून आडवा नेला आणि न बघता उजवीकडच्या खाचेत अडकवला. खट्.

ऋजुतानं किल्ली लावली, पण फिरवली नाही. आयुष्यभर उजव्या हातानं नोटा मोजलेल्या, बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेल्या माणसाचा डावा हात आठ महिन्यांत इतका सराईत कसा झाला?

"अण्णा, तुम्ही डावखुरे कधी झालात?"

"गाडी काढ. ऊन लागतंय."

तेवढ्यात तिला तो फोन आठवला. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना, जिल्ह्याच्या ज्येष्ठांच्या कॅरम स्पर्धेची फायनल. अण्णांनी स्पर्धेच्या हॉलमधूनच फोन केला होता, मागे टाळ्या चालू होत्या. "बशीरला हरवलं! आणि ऐक, डाव्या हातानं! सगळ्यांसमोर सांगितलं, तुला डावा हात पुरे!" ती तेव्हा पेपर तपासत होती. हसून "काय हे अण्णा" म्हणाली होती, आणि पुढचा पेपर ओढला होता.

घरी पोचल्यावर तिनं चहा केला, कप त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला आणि समोर बसली.

"खरं सांगा. उजव्या हाताचं बोट कधी गेलं?"

अण्णांनी कपाच्या कानाशी उगाच चाळा केला. मग म्हणाले, "फायनलच्या आधीच्या दत्तजयंतीला. प्रसाद वाटताना द्रोण सुटला हातातून. म्हटलं, वय झालं. संध्याकाळी क्लबात टिचकी मारली, तर स्ट्रायकर अर्ध्या बोर्डात जाऊन थांबला. रुसलेल्या जावयासारखा. कितीही मार, पुढे जाईना."

"म्हणजे अडीच वर्षं."

"मग काय, खोलीचं दार लावलं आणि डाव्या हातानं शिकलो. सहा महिने. शेजारच्यांना वाटलं, म्हाताऱ्याला एकटेपणा खातोय. तुझी आई असती तर कान पकडून बाहेर काढलं असतं."

"आणि डॉक्टरांना दिवाळी सांगितलीत!"

"दिवाळीत हात गेला. बोट गेल्याचं काय सांगायचं?"

तिनं वर्तमानपत्राच्या कडेला बारा भागिले तीस लिहिलं आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. "शून्य दशांश चार. तोच माणूस, तीच फुंकर, तेच रक्त. कड्याचा उतार झाला, अण्णा. तारीख दुरुस्त केली की तुम्ही पात्र आहात. नात्यातला नसलेला एक साक्षीदार लागतो, तेव्हाच्या तुमच्या हाताबद्दल सांगणारा. बशीरकाका—"

"नाही."

"अण्णा!"

"चाळीस वर्षं खेळलो आम्ही. तो मला हरवायचा, मी त्याला. आमच्या दोघांच्या हिशेबात एकच गोष्ट अशी आहे की तिच्याबद्दल अख्खी रत्नागिरी बोलते. शशिभाऊ डाव्या हातानं जिंकला. तीही काढून घेऊ?"

"पण जिंकलात ना डाव्यानंच? त्यात खोटं काय आहे?"

"उजवा असताना डावा आणि उजवा नसताना डावा, यात फरक असतो, प्राध्यापकबाई." ते थांबले. "तो फायनलनंतर तोंड फिरवून गेला तो गेलाच. मला माजोरडा समजतो. समजू दे. माजोरड्यावर माणूस चिडतो. लुळ्यावर काय करतो? मोसंबी घेऊन येतो."

त्या रात्री दोघंही लवकर झोपायला गेली. झोपलं मात्र कुणीच नसावं.

सकाळी ऋजुता बाजारात जाते सांगून बाहेर पडली आणि थेट मिरकरवाड्यात गेली.

बशीर होडेकरांचं होड्यांच्या इंजिनांचं दुकान बंदराच्या तोंडाशी होतं. तेलकट बनियनवर पांढरी टोपी घातलेले बशीरकाका एक पंप खोलून बसले होते. त्यांनी तिला ओळखलं, पण मान वर केली नाही.

"खेडेकरांची ऋजू ना? बापानं पाठवलंय? सांग त्याला, पायानं खेळायला शिकला असेल तर येतो बघायला."

"त्यांनी नाही पाठवलं, काका. त्यांना माहीत नाही मी आलेय."

"मग आणखी बरं. बस. त्या डब्यावर बस, तेल नाही त्याला." पाना फिरवत ते बोलत राहिले. "चारशे माणसांसमोर म्हणतो, तुला डावा हात पुरे. माझे जावई बसलेले समोर. पहिल्याच बोर्डात क्वीन घेतली, कव्हर केली आणि माझ्याकडे बघून हसला. त्याला सांग, ते हसणं विसरलो नाही मी."

"काका, त्यांचं उजवं बोट चालत नव्हतं."

पाना थांबला.

तिनं सगळं सांगितलं. द्रोण सांगितला, बंद खोली सांगितली, दुखण्याचं नाव सांगितलं आणि ते कुठे जाऊन संपतं तेही सांगितलं. वर्गात एखादा सिद्धांत मांडावा तशी ती क्रमानं बोलत गेली. आवाज कापला असता तर थांबावं लागलं असतं, आणि थांबली असती तर उठून निघून गेली असती.

बशीरकाकांनी हातातला पंप खाली ठेवला. मग म्हणाले, "सेमीफायनलला मी शेजारच्या बोर्डावर होतो. त्यानं उजव्या हातानं पावडर उचलली, ती सगळी बोटांतून सांडली. मला वाटलं, नखरे करतोय." त्यांनी चिंधीनं हात पुसले, पुन्हा पुसले. "दोन वर्षं शिव्या घातल्या मी त्याला. रोज. नमाजावरून उठलो की पहिली शिवी त्याला."

"साक्ष द्याल?"

"कुठे यायचं तेवढं सांग."

अण्णांच्या नकळत साक्ष झाली. दिव्यासमोर बशीरकाका अदबीनं, एकेक शब्द तोलून बोलले. ऋजुतानं फायनलचं चित्रीकरण जोडलं. त्यात अण्णांचा उजवा हात सबंध सामनाभर मांडीवर पडून होता. बाईनं आभार मानले आणि दिवा फिरू लागला.

"सुधारित अनुमान, दहा महिने. वर्गवारी, अपात्र."

ऋजुताला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ती तडक डॉक्टर तांडेलांच्या खोलीत गेली. तांडेल तिच्याच वयाच्या, बाभळीच्या काटकीसारख्या बाई होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"एक महिना कमी झाला," ऋजुता म्हणाली. "खरी तारीख दिली, आणि एक महिना कमी झाला!"

"बसा." तांडेलांनी दार लोटलं. "पहिल्या वर्षी लोकांना कळलं की तारीख मागे नेली की मुदत वाढते. मग प्रत्येक घराला जुनं काहीतरी आठवायला लागलं. पाच वर्षांपूर्वी चप्पल निसटली होती. लग्नात हार घालताना हात थरथरला होता. साक्षीदार काय, हवे तेवढे. बाईनं सगळं लिहून घेतलं आणि त्या माणसांचं पुढे काय झालं ते बघत बसली. ती सगळी आधीच्या तारखेप्रमाणेच गेली. काही तर आणखी लवकर, कारण ज्यांची तब्येत वेगानं ढासळते त्यांचीच घरं घाबरून तारखा बदलतात. मग ती शिकली. बदललेली तारीख म्हणजे पुरावा नाही. बदललेली तारीख म्हणजे भीती."

"आणि ती खरी असेल तर?"

"खरी असली तरी बदललेलीच."

"तुमचा विश्वास आहे माझ्यावर?"

"आहे. त्यांच्या रक्तातलं प्रथिनसुद्धा तुमच्याच बाजूनं बोलतंय, इतक्या वेगाला ते फार कमी आहे. मी टिपणही जोडलं. पण डॉक्टरांच्या टिपणाचंही तिनं तेच केलंय. आम्हीही पहिल्या वर्षी दयेपोटी बरीच टिपणं लिहिली."

ऋजुताला वाद घालता येईना. विद्यार्थ्यांना तिनं हेच शिकवलं असतं. दहातले नऊ खोटं बोलत असतील तर दहाव्याचं खरं कशानं ओळखायचं? गणितात खोट नव्हती. फक्त तो दहावा तिचा बाप होता.

पण त्याहून वाईट गोष्ट रविवारी झाली. बशीरकाका घरी आले. हातात मोसंब्यांची पिशवी होती.

अण्णा आरामखुर्चीत होते. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग ऋजुताकडे.

"सांगितलंस," ते म्हणाले.

तिनं मान हलवली. पुढे आठवडाभर त्यांनी तिच्याशी कामापुरतंही बोलणं केलं नाही. पाणी हवं असलं तरी शेजारणीची वाट बघायचे.

बशीरकाका मात्र रोज यायला लागले. दुकान भाच्यावर टाकून यायचे, कॅरमबोर्ड स्टुलावर मांडायचे, पावडर टाकायचे. अण्णांचा डावा हात अजून चालत होता. पहिल्या दिवशी अण्णा जिंकले. दुसऱ्या दिवशीही जिंकले. तिसऱ्या दिवशी क्वीन खिशाच्या तोंडाशी लोंबत होती, आणि बशीर होडेकरांचा स्ट्रायकर तिच्यापासून वीतभर लांबून गेला.

"बशीर."

"काय रे?"

"मुद्दाम चुकतोयस."

"नाही रे. डोळ्यांना दिसत नाही आता. म्हातारा झालो."

अण्णांनी स्ट्रायकर बोर्डाच्या मध्यावर ठेवला, हात मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर त्यांनी स्ट्रायकरला हात लावला नाही. लावता येत होता, तोवरही.

ऋजुता दारात उभी राहून हे बघत होती. औषध मिळालं नव्हतंच. त्या बदल्यात तिनं त्यांचा एकुलता एक वैरी घालवला होता.

दहा महिने सरले. अकरावा सरला. अण्णा होते. दुखणं आपल्या खऱ्या चालीनं चाललं होतं, सावकाश, पायरी पायरीनं, ऋजुता म्हणाली होती तसंच. डावा हात गेला, मग पाय. ऋजुतानं पुण्याची नोकरी सोडली. रात्रीच्या श्वासाचं यंत्रही मुदतीनुसारच मिळायचं. म्हणून तिनं मिरजेच्या एका घरातून वापरलेलं आणलं. त्या घराला आता त्याचा उपयोग नव्हता. दुसऱ्या पावसाळ्यात जीभ जड झाली. मग डोळ्यांच्या हालचालीवर अक्षरं टिपणारा पडदा पलंगावर लावला. अण्णा एकेक अक्षर वेचून वाक्य जुळवायचे. त्यात गेलेल्या वेळामुळे असेल, त्यांचं बोलणं आणखी धारदार झालं.

ऋजुताला त्यांनी लिहिलं, "राग गेला. सोय म्हणून नव्हे. गेला."

मुदत टळल्याचा आनंद तिला कधी झालाच नाही. जगलेल्या प्रत्येक महिन्याबरोबर एवढंच सिद्ध होत होतं की औषध त्यांच्या हक्काचं होतं.

बशीरकाका तेव्हाही यायचे. कान किटेपर्यंत गप्पा मारायचे, मोसंबी सोलायचे आणि स्वतःच खायचे, कारण अण्णांना आता गिळता येत नव्हतं. एका दुपारी पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. बशीरकाका चष्मा लावून वाचत होते.

"बोर्ड मांड. दोन्ही बाजूंनी तूच खेळ. माझ्या बाजूनं डावा."

"आणि माझ्या?"

"उजवा. खरा. नाहीतर चालता हो."

बशीरकाकांनी बोर्ड मांडला. माझी पाळी, तुझी पाळी म्हणत ते स्टुलाच्या दोन्ही बाजूंना फिरले. उजव्या हाताच्या पाळीला त्यांनी दया दाखवली नाही. सोंगट्या खिशात पडताना खोली दणाणत होती. डाव्या हाताच्या पाळीला ते मनापासून धडपडले. खेडेकर सपशेल हरले. क्वीनही गेली.

पडद्यावर आलं, "आता कसं."

बशीरकाका उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिले.

माघात एका पहाटे अण्णा गेले. बाईनं दिलेल्या मुदतीनंतर नऊ महिन्यांनी. औषधाविना.

दिवस-कार्य आटोपल्यावर एका दुपारी बशीरकाका बोर्ड न्यायला आले. क्लबात तो भिंतीवर लावायचं ठरलं होतं. खाली काय लिहायचं यावर त्यांचा आणि ऋजुताचा वाद चालला होता.

"'डाव्या हातानं फायनल जिंकली', एवढंच," बशीरकाका म्हणाले. "पुढे काही नाही. कशामुळे, ते कुणाला कशाला हवंय?"

तेवढ्यात ऋजुताचा फोन वाजला. तिनं तो बोर्डावर ठेवला आणि आवाज खुला केला. पेठेतली बाई होती.

"शशिकांत खेडेकर यांच्या निधनाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. त्यांची नोंद अंतिम करण्यासाठी एक प्रश्न आहे. पहिले लक्षण कधी जाणवले, ते कृपया सांगा."

ऋजुताच्या लक्षात आलं. मेलेल्या माणसाच्या घराला खोटं बोलून काही मिळवायचं नसतं. म्हणून आता बाई खरं मानणार. तिनं दत्तजयंतीची तारीख सांगितली, वर्षासकट.

"नोंद सुधारली आहे. सुधारित अनुमान, बावीस महिने. वर्गवारी, पात्र."

बशीरकाकांनी हातातली सोंगटी खाली ठेवली.

"ही माहिती रुग्णाच्या हयातीत का मिळाली नाही, ते कृपया सांगा. एक, आठवत नव्हते. दोन, माहीत नव्हते. तीन, सांगायचे नव्हते."

"मिळाली होती गं बाई!" बशीरकाका फोनवर ओणवे होऊन ओरडले. "मी आलो होतो! या तोंडानं सांगितली! तूच घेतली नाहीस!"

"क्षमा करा, उत्तर समजले नाही. एक, दोन की तीन?"

ऋजुता खिडकीजवळच्या रिकाम्या आरामखुर्चीकडे बघत होती. मांडीवर उजवा हात टाकून चारशे माणसांसमोर हसणारा माणूस तिला दिसत होता.

"तीन," ती म्हणाली.

"धन्यवाद. आपल्या माहितीमुळे पुढील रुग्णांचे अनुमान अधिक अचूक होईल."